शिफ बेस पॉलिमर: संश्लेषण आणि उष्णतेने होणारं विघटन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिफ बेस पॉलिमर म्हणजे नेमकं काय?

अल्डिहाइड आणि प्राथमिक अमीन यांच्यातून पाण्याचा एक रेणू निघून गेला की कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध तयार होतो. त्यालाच इमीन किंवा ॲझोमिथीन म्हणतात. ह्यूगो शिफ यांनी ही अभिक्रिया १८६४ मध्ये मांडली, म्हणून 'शिफ बेस'. दोन टोकांना अल्डिहाइड असलेला रेणू आणि दोन टोकांना अमीन असलेला रेणू (हे दोन मोनोमर) घेतला की हीच अभिक्रिया साखळी वाढवत नेते आणि पॉलिॲझोमिथीन मिळतं. १९२३ मध्ये रॉजर ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी टेरेफ्थाल्डिहाइड आणि बेंझिडीन वगैरे डायअमीनपासून असे पदार्थ बनवले होते. त्या काळापासूनची मुख्य अडचण आजही तीच आहे: पदार्थ उष्णतेला चिवट असतो, पण साखळी पुरेशी वाढण्याआधीच खाली बसतो.

पहिल्यांदा करताना कोणती जोडी घ्यावी?

टेरेफ्थाल्डिहाइड आणि ४,४′-ऑक्सिडायअनिलीन (ओडीए). दोन्ही घनरूप असल्याने तोलायला सोपे, आणि ओडीएमधल्या ईथर बंधामुळे साखळीत थोडा लवचीकपणा राहतो. पॅरा-फिनिलीनडायअमीन घेतलं तर साखळी ताठ होते आणि गाळ फार लवकर पडतो. बेंझिडीन जुन्या लेखांत दिसतं, पण ते माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालं आहे, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नका. ओडीएसुद्धा निरुपद्रवी नाही. हातमोजे घालूनच काम करा आणि तोलतानाही फ्यूम हूड सोडू नका.

मोनोमर किती शुद्ध हवेत? बाटलीवर ९८ टक्के लिहिलंय, तेवढं पुरेल?

साध्या शिफ बेसला पुरेल, पॉलिमरला नाही. दोन गटांचं गुणोत्तर १ ऐवजी ०.९८ असेल आणि अभिक्रिया शंभर टक्के पूर्ण झाली असं धरलं, तरी सरासरी साखळीत ९९ मोनोमर बसतात. अभिक्रिया ९९ टक्क्यांवर थांबली तर हाच आकडा ५० वर येतो. गुणोत्तर अगदी अचूक असून अभिक्रिया ९५ टक्केच झाली, तर २०. या जोडीत दर मोनोमरमागे सरासरी १४९ वस्तुमान पडतं, म्हणजे २० मोनोमरची साखळी सुमारे ३,०००ची. कागदावर तो 'पॉलिमर' असला तरी प्रत्यक्षात ऑलिगोमरच (मोजक्या मोनोमरची आखूड साखळी) असतो.

टेरेफ्थाल्डिहाइड हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि एका टोकाला कार्बॉक्सिलिक ॲसिड असलेला रेणू तयार होतो. तो साखळीचं तोंड बंद करतो. गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक काढा आणि व्हॅक्युममध्ये वाळवा. वितळणबिंदू ११४ ते ११६ °से. यायला हवा. ओडीए शुद्ध असताना जवळजवळ पांढरं असतं. तपकिरी झालं असेल तर ऑक्सिडेशन झालंय असं समजा आणि व्हॅक्युममध्ये ऊर्ध्वपातन करून घ्या. वितळणबिंदू १९० °से.च्या आसपास.

नेमकी कृती आणि मापं सांगा.

१० मिलिमोलसाठी ओडीए २.००२ ग्रॅम आणि टेरेफ्थाल्डिहाइड १.३४१ ग्रॅम. चार दशांश स्थळांच्या तराजूवर तोला. तोलण्याचा कागद वापरू नका. छोट्या काचेच्या बाटलीतून ओता आणि उरलेले कण त्याच सॉल्व्हंटने धुऊन फ्लास्कमध्ये घ्या. कागदाला चिकटलेले २० मिलिग्रॅम म्हणजे इथे एक ते दीड टक्का.

१०० मिलिलिटरच्या तीन तोंडी फ्लास्कमध्ये ओडीए २० मिलिलिटर कोरड्या डीएमएफमध्ये (डायमिथिलफॉर्मामाइड) विरघळवा. नायट्रोजन सोडा, ढवळत राहा. टेरेफ्थाल्डिहाइड १० मिलिलिटर डीएमएफमध्ये वेगळं विरघळवून थेंबथेंब घाला. द्रावण लगेच पिवळं होतं. पॅरा-टोल्युइनसल्फोनिक ॲसिड सुमारे २० मिलिग्रॅम आणि टोल्युइन १० मिलिलिटर घाला, डीन-स्टार्क सापळा (निघालेलं पाणी वेगळं गोळा करणारा) आणि कंडेन्सर लावा, आणि ऑइल बाथ १३० ते १४० °से.वर सहा ते आठ तास ठेवा. नंतर टोल्युइन काढून घ्या, मिश्रण थंड करा आणि जोरात ढवळलेल्या २०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ओता. गाळ गाळून गरम मिथेनॉलने धुवा, मग सॉक्सलेटमध्ये (ताज्या सॉल्व्हंटने पुन्हापुन्हा धुणारं उपकरण) आधी मिथेनॉल आणि नंतर ॲसिटोन, प्रत्येकी निदान बारा तास. शेवटी व्हॅक्युम ओव्हनमध्ये १०० °से.वर २४ तास.

सैद्धांतिक उत्पादन २.९८ ग्रॅम. पुनरावर्ती घटकाचं वस्तुमान २९८.३४ धरून मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन ८०.५२, हायड्रोजन ४.७३ आणि नायट्रोजन ९.३९ टक्के अपेक्षित. सॉक्सलेटच्या आधी उत्पादन १०० टक्क्यांच्या वर आलं तर खूश होऊ नका, तो डीएमएफ आहे.

डीन-स्टार्कमध्ये पाणी दिसतच नाही. अभिक्रिया झाली नाही का?

झाली असेल. १० मिलिमोलमधून जेमतेम ०.३६ मिलिलिटर पाणी निघतं. शिवाय थोडा डीएमएफ वाफेबरोबर सापळ्यात येतो आणि पाण्यात मिसळतो, त्यामुळे या प्रमाणावर तिथलं माप विश्वासाचं नाही. पाणी मोजायचंच असेल तर ५० मिलिमोलवर करा. तिथे १.८ मिलिलिटर निघतं.

पाणी काढणं मात्र टाळता येत नाही, कारण ही अभिक्रिया उलट दिशेनेही तितकीच सहज जाते. टोल्युइन नको असेल तर २५० ते ३०० °से.ला तापवून ताजी केलेली ३ ॲंगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह चालते. पण तिची भुकटी पॉलिमरमध्ये मिसळली की टीजीएत (नमुना तापवत वजनातली घट मोजणारी चाचणी) खोटा अवशेष दिसतो. सीव्हचे दाणे कापडी पुडीत किंवा सॉक्सलेटच्या थिंबलमध्ये बांधून ठेवा.

डीएमएफला मासळीसारखा वास येत असेल तर तो वापरू नका. त्याचं विघटन होऊन डायमिथिलअमीन आणि फॉर्मिक ॲसिड तयार झालेलं असतं, आणि फॉर्मिक ॲसिड तुमच्या अमीनची टोकं अडवू शकतं.

इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करून चालेल ना? सगळे तसंच करतात.

पावडर मिळेल. पण पाच-दहा मिनिटांत पिवळा गाळ बसतो आणि घन अवस्थेतली टोकं एकमेकांना भेटत नाहीत. पुढचे सहा तास तुम्ही फक्त इथेनॉल उकळत असता. साखळी लांब हवी असेल तर डीएमएफ, एन-मिथिल पायरोलिडोन किंवा मेटा-क्रेसॉल. पायरोलिडोनमध्ये ३ ते ५ टक्के कोरडं लिथियम क्लोराइड घातलं तर साखळी जास्त वेळ विरघळलेली राहते. मेटा-क्रेसॉल उत्तम सॉल्व्हंट आहे, पण त्वचा जाळतं आणि पॉलिमरमधून पूर्ण निघता निघत नाही.

ॲसिड जास्त घातलं तर वेग वाढेल का?

काही मर्यादेपर्यंतच. ॲसिडमुळे मधल्या कार्बिनॉलअमीनमधून पाणी निघणं सोपं होतं. पण जास्त झालं की अमीनच प्रोटॉन घेऊन बसतं आणि हल्ला करायला मोकळं उरत नाही. ॲरोमॅटिक अमीनला एक मोल टक्का पुरे. इथिलीनडायअमीनसारख्या ॲलिफॅटिक अमीनला सहसा ॲसिड लागतच नाही. त्याची काळजी वेगळी: ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही शोषतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरी साय दिसली की ऊर्ध्वपातन केल्याशिवाय वापरू नका.

पॉलिमर कशातच विरघळत नाही. आता?

पूर्ण ॲरोमॅटिक पॉलिॲझोमिथीनचं हे नेहमीचंच आहे. संहत सल्फ्युरिक ॲसिड किंवा मिथेनसल्फोनिक ॲसिडमध्ये विरघळतं, बाकी कशात नाही. उपाय मोनोमर निवडतानाच करावा लागतो: ईथर बंध, मेटा जोडणी, मध्ये ॲलिफॅटिक तुकडा, किंवा बाजूला लोंबणारी लांब साखळी. यातलं शेवटचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काजूच्या टरफलाच्या तेलातल्या कार्डेनॉलपासून १५ कार्बनची पेंटाडेसिल शेपटी असलेले मोनोमर बनवून त्यांपासून पॉलिॲझोमिथीनसह अनेक ॲरोमॅटिक पॉलिमर तयार केले गेले. ही शेपटी साखळ्यांना एकमेकींना चिकटून बसू देत नाही, म्हणून सॉल्व्हंट आत शिरतो. किंमत उष्णता-स्थैर्यात मोजावी लागते, कारण ॲलिफॅटिक भाग आधी तुटतो.

पॉलिमर खरंच झालाय हे कशावरून?

आयआरमध्ये (अवरक्त वर्णपट) १६१० ते १६३० सें.मी.⁻¹ला इमीन दिसायला हवं. पण ते दिसणं पुरेसं नाही, कारण दोन मोनोमर जोडले गेले तरी ते दिसतंच. १६९५च्या आसपासचं अल्डिहाइड आणि ३३०० ते ३४५० मधलं अमीन किती उरलंय ते पाहा. पावसाळ्यात केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइड) गोळी पाणी ओढते आणि ३४००ला रुंद पट्टा येतो. त्याला अमीन समजून बसणारे पुष्कळ. एटीआर (गोळी न करता थेट पावडरचा आयआर घेण्याची सोय) असेल तर तेच वापरा. १६७०च्या आसपास खांदा दिसला तर डीएमएफचा संशय घ्या.

एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट) इमीनचा प्रोटॉन ८.५ ते ८.७ पीपीएमला आणि अल्डिहाइडचा १० पीपीएमला. पदार्थ विरघळत असेल तर या दोघांच्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तरावरून साखळीच्या लांबीचा अंदाज निघतो. ड्युटेरो-क्लोरोफॉर्ममध्ये ॲसिडचा अंश असतो आणि तो नळीतच इमीन तोडतो. सकाळी लहान असलेलं अल्डिहाइडचं टोक दुपारी मोठं दिसलं तर दोष सॉल्व्हंटचा. बेसिक ॲल्युमिनामधून गाळून घ्या.

न विरघळणाऱ्यासाठी संहत सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर, ३० °से.ला इन्हेरंट व्हिस्कॉसिटी (साखळीच्या लांबीचा अंदाज देणारा द्रावणाचा घट्टपणा) मोजा. द्रावण केल्यावर लगेच मोजा, ठेवून देऊ नका. दोन तासांनी पुन्हा मोजून आकडा घसरला तर साखळी तुटते आहे.

सॅलिसिलाल्डिहाइडपासूनचा पॉलिमर कसा करतात?

आधी दोन सॅलिसिलाल्डिहाइड मिथिलीन पुलाने जोडावे लागतात. ३६.६ ग्रॅम सॅलिसिलाल्डिहाइड, २५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ३.५ ग्रॅम ट्रायऑक्सेन. नायट्रोजनखाली ९० ते ९५ °से.ला थोड्या ॲसिटिक ॲसिडमध्ये मिसळलेलं पाव मिलिलिटर संहत सल्फ्युरिक ॲसिड थेंबथेंब घालायचं, आणि सुमारे २४ तास तापमान धरून ठेवायचं. मग बर्फाच्या पाण्यात ओतणं, पेट्रोलियम ईथरने धुणं आणि ॲसिटोनमधून स्फटिक काढणं. वितळणबिंदू १४२ °से.च्या आसपास. यात सॅलिसिलाल्डिहाइड मुद्दाम जास्त असतं, नाहीतर तीन-चार वलयांचे तुकडे वाढतात. तेच जास्तीचं सॅलिसिलाल्डिहाइड नीट धुतलं गेलं नाही तर पुढे साखळीची टोकं बंद करतं, कारण त्याला एकच अल्डिहाइड आहे. पेट्रोलियम ईथरच्या धुण्यात कंजुषी नको.

हा डायअल्डिहाइड आणि डायअमीन यांचे पॉलिमर धातूंना चार दातांनी पकडतात. इलिनॉय विद्यापीठात मार्व्हल आणि टार्कॉय यांनी १९५७ मध्ये याच धर्तीच्या कीलेटांचं (धातू असा पकडून ठेवलेल्या संयुगांचं) उष्णता-स्थैर्य तपासलं होतं.

सोडियम हायपोक्लोराइट वापरून फेनॉलयुक्त शिफ बेसचं पॉलिमरीकरण करता येतं का?

येतं. अल्कलीत विरघळवून ७० ते ९० °से.ला ऑक्सिडीकरण करतात. पण इथे नवी जोडणी इमीनची नसून फेनॉलच्या वलयांमधली असते, आणि मिळतं ते बहुतेकदा ऑलिगोमर. एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा: शेवटी हायड्रोक्लोरिक ॲसिडने उदासीन करताना हायपोक्लोराइट उरलेलं असेल तर क्लोरीन वायू सुटतो. आधी सोडियम सल्फाइटने ते संपवा, स्टार्च-आयोडाइड कागदाने खात्री करा, आणि मगच ॲसिड घाला.

टीजीएसाठी कोणत्या अटी ठेवाव्यात?

५ ते ८ मिलिग्रॅम, १० अंश प्रति मिनिट, ५० ते १०० मिलिलिटर प्रति मिनिट नायट्रोजन, ८०० °से.पर्यंत. तापवण्याआधी अर्धा तास नायट्रोजन चालू ठेवा. भट्टीत उरलेला ऑक्सिजन ५०० °से.च्या पुढचा आलेख बिघडवतो. हलकी फुलकी पावडर वायूच्या झोताने पॅनबाहेर उडते, म्हणून हलकी दाबून घ्या. धातूयुक्त नमुन्यासाठी प्लॅटिनम नको, ॲल्युमिना पॅन घ्या. रिकाम्या पॅनचा आलेख त्याच अटींत काढून वजा करा. यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट चालवा: घट १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्के अशी तीन पायऱ्यांत यायला हवी.

निकाल लिहिताना पाच आणि दहा टक्के घटीचं तापमान, डीटीजीचं (वजन घटण्याच्या वेगाचा आलेख) शिखर आणि ८०० °से.चा अवशेष असं सगळं द्या. नुसतं 'अमुक तापमानापर्यंत स्थिर' या वाक्याला अर्थ नाही. तापवण्याचा वेग ५ वरून २० केला तरी शिखर सुमारे ३० अंश पुढे सरकतं.

१०० ते २५० °से.मध्ये पाच-सहा टक्के घट होते. पॉलिमर इतका कच्चा आहे का?

बहुधा पॉलिमर अजून तुटलेलाच नसतो. १०० °से.पर्यंत ओलावा जातो. डीएमएफचा उत्कलनबिंदू १५३ °से. असला तरी साखळ्यांत अडकलेला डीएमएफ २०० °से.च्या पुढेही निघत राहतो. त्यानंतर छोटे ऑलिगोमर उडतात.

'टोकं एकमेकांशी जुळून पाणी निघालं' हे स्पष्टीकरण प्रबंधांत हमखास भेटतं. हिशेब करून पाहा. ३,००० वस्तुमानाच्या साखळ्या टोकाला टोक जोडत गेल्या तर दर साखळीमागे पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८ भागिले ३,०००. ही घट ०.६ टक्के भरते. पाच टक्के घट त्यातून निघूच शकत नाही.

खात्री करायची तर टीजीएतच नमुना १५० °से.ला अर्धा तास धरा, ५० °से.ला आणा आणि पुन्हा चालवा. पहिली पायरी गेली तर ती पाणी किंवा सॉल्व्हंटची होती. अर्धवट गेली तर सॉक्सलेट पुन्हा लावा. ही चाचणी न करता काढलेलं 'पाच टक्के घटीचं तापमान' पॉलिमरचं नसून तुमच्या धुण्याचं असतं.

मग खरी साखळी कुठे आणि कशी तुटते?

पूर्ण ॲरोमॅटिक साखळी नायट्रोजनमध्ये साधारण ४०० °से.च्या पुढे तुटू लागते, आणि ८०० °से.ला निम्म्याच्या आसपास काळा अवशेष राहणं नेहमीचं. मधे ॲलिफॅटिक तुकडा असेल तर सुरुवात २५० ते ३५० °से.लाच होते.

तुटण्याची मुख्य वाट इमीनच्या शेजारून जाते. इमीनच्या कार्बनवरचा हायड्रोजन सरकतो, नायट्रोजन आणि ॲरिल वलय यांमधला बंध तुटतो, एका बाजूला नायट्राइल आणि दुसऱ्या बाजूला साधं वलय उरतं. बेंझिलिडीनअनिलीन तापवलं की बेंझोनायट्राइल आणि बेंझिन मिळतं, तोच प्रकार साखळीत होतो. ओडीएच्या पॉलिमरमध्ये ईथर बंधही तुटतो, म्हणून फेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड दिसतात. त्याच वेळी बंध तुटून बनलेले मूलक शेजारच्या साखळ्यांना जोडतात आणि जाळं तयार होतं. काळ्या अवशेषाचं मोठं प्रमाण या जाळ्यामुळे असतं.

टीजीए-आयआर असेल तर २२३० सें.मी.⁻¹ला नायट्राइल, ७१३ला हायड्रोजन सायनाइड, ९३० आणि ९६५ला अमोनिया शोधा.

हायड्रोजन सायनाइड निघतो म्हणजे धोका किती?

१० मिलिग्रॅम नमुन्यातला सगळा नायट्रोजन त्यात गेला असं धरलं, तरी जास्तीत जास्त १.८ मिलिग्रॅम. एका टीजीएपुरता धोका थोडा, पण निर्गम नळी फ्यूम हूडमध्येच सोडा. ग्रॅमभर पदार्थ ट्यूब फर्नेसमध्ये जाळणार असाल तर प्रमाण शंभर पटीने वाढतं. तिथे वायू अल्कलीच्या बाटलीतून नेल्याशिवाय भट्टी सुरूच करू नका.

हवेत आणि नायट्रोजनमध्ये वेगळे आकडे का?

हवेत पहिली पायरी बऱ्याचदा थोडीच आधी सुरू होते. खरा फरक पुढे पडतो: नायट्रोजनमध्ये जो अवशेष टिकतो तो हवेत ६०० ते ७०० °से.पर्यंत जळून जातो. धातू नसलेल्या पॉलिमरचा हवेतला अवशेष शून्याजवळ यायला हवा. दोन टक्के राख उरली तर मीठ, सीव्ह किंवा सिलिका आत राहिलं आहे.

धातू बसवल्यावर स्थैर्य वाढतं ना?

अशी अपेक्षा असते, पण हवेत उलटच जास्त वेळा दिसतं. तांबं किंवा कोबाल्ट ऑक्सिडेशनला चालना देतं आणि मूळ पॉलिमरपेक्षा कीलेट आधी कोसळतं. निकेलच्या कीलेटमध्ये १५० ते २२० °से.ला घट दिसली तर धातूला बांधलेलं पाणी असू शकतं.

हवेतल्या टीजीएचा एक फायदा मात्र घ्या. मिथिलीनबिस-सॅलिसिलाल्डिहाइड आणि इथिलीनडायअमीनच्या तांब्याच्या कीलेटमध्ये एका घटकाचं वस्तुमान ३४१.९ येतं. पूर्ण जळल्यावर कॉपर ऑक्साइड २३.३ टक्के उरायला हवं. १८ टक्केच उरलं तर सगळ्या जागा भरलेल्या नाहीत, आणि जास्त उरलं तर जास्तीचं कॉपर ॲसिटेट धुतलं गेलेलं नाही. नायट्रोजनमधल्या अवशेषावर हा हिशेब लावू नका, त्यात कोळसाही असतो.

सक्रियन ऊर्जा एकाच आलेखावरून काढली तर चालेल?

कोट्स-रेडफर्न पद्धतीने आकडा निघतो, आणि कुठलंही मॉडेल घातलं तरी सरळ रेषा छान येते. गोम तिथेच आहे. वेगवेगळी मॉडेलं एकाच आलेखाला दुप्पट-तिप्पट फरकाच्या ऊर्जा देतात. किमान तीन, शक्यतो चार वेगांवर चालवा, उदाहरणार्थ ५, १०, १५, २०, आणि प्रत्येक वेळी वजन जवळपास सारखंच ठेवा. फ्लिन-वॉल-ओझावा पद्धतीत ठरावीक रूपांतरणाला (एकूण घटीपैकी झालेला भाग) वेगाचा लॉग विरुद्ध निरपेक्ष तापमानाचा व्यस्त असा आलेख काढला की उतार उणे ०.४५६७ गुणिले ऊर्जा भागिले वायू स्थिरांक असतो. समजा उतार उणे ११,००० केल्विन आला, तर ऊर्जा सुमारे २०० किलोज्यूल प्रति मोल.

हे १० ते ८० टक्के रूपांतरणापर्यंत दर दहा टक्क्यांना करा. ऊर्जा बदलत गेली तर एकच सरासरी आकडा छापू नका, कारण विघटनाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आणि रूपांतरणाचं शून्य सॉल्व्हंट गेल्यानंतरच्या वजनापासून मोजा. हे राहून गेलं की पहिल्या दहा-वीस टक्क्यांतली ऊर्जा डीएमएफची निघते.

अवशेषावरून ज्वलनरोधकता सांगता येते का?

व्हॅन क्रेव्हेलनच्या सूत्राने ऑक्सिजन निर्देशांकाचा (पदार्थ जळत राहायला लागणारा किमान ऑक्सिजन, टक्क्यांत) अंदाज निघतो: निर्देशांक = १७.५ + ०.४ × अवशेष टक्के. ५० टक्के अवशेषाला ३७.५. हॅलोजन नसलेल्या पॉलिमरपुरतं आणि नायट्रोजनमधल्या अवशेषावरच. मोजलेला निर्देशांक म्हणून हा आकडा लिहू नये.

तीन महिन्यांनी त्याच नमुन्याचा आलेख वेगळा आला. का?

ओलावा. ॲरोमॅटिक इमीन कोरड्या हवेत टिकतं, पण ॲसिडचा अंश राहिला असेल तर दमट हवेत टोकाकडून उलटी अभिक्रिया सुरू होते. आयआरमध्ये १६९५चं अल्डिहाइड परत आलंय का ते आधी पाहा. आलं असेल तर वाळवून उपयोग नाही, साखळी आखूड झालेली आहे. पुढच्या वेळी मिथेनॉलच्या पहिल्या धुण्यात ट्रायइथिलअमीनचे दोन-तीन थेंब टाका, नंतर कोऱ्या मिथेनॉलने धुवा, आणि नमुना सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा.